टेंगूळ, गळू, आवाळू, अवधाण: सगळ्याला ‘गाठ’ का म्हणायचं?

परवा सोसायटीत एका शेजारणीने सांगितलं, ‘नातवाच्या कपाळावर गाठ आलीय.’ ऐकणाऱ्या दोघीतिघींचे चेहरेच उतरले. चौकशी केली तर मुलगा पलंगाच्या कडेवर आपटला होता. म्हणजे ते टेंगूळ होतं. हल्ली पुण्यात असं वरचेवर ऐकू येतं, म्हणून या शब्दांची चर्चा करावीशी वाटली.

‘टेंगूळ’ म्हटलं की मार लागला हे वेगळं सांगावं लागत नाही. ते बहुतेक डोक्यावर किंवा कपाळावर येतं, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड असतं. आत साकळलेल्या रक्ताला पसरायला जागा नसते, म्हणून ते वर उचलून येतं. दंडावर मार बसला तर आपण ‘सूज आली’ किंवा ‘काळंनिळं झालं’ म्हणतो, ‘दंडाला टेंगूळ आलं’ म्हणत नाही.

पू होणाऱ्यांचं घराणं मोठं आहे. सगळ्यांत लहान ती पुळी किंवा पुटकुळी. केसाच्या मुळाशी होतं ते केसतोड. त्याहून मोठं, खोल आणि तापलेलं ते गळू. बेंड आणखी मोठं, आणि बहुधा काखेत, जांघेत किंवा बसायच्या जागी. ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ऐकली की मला तरी बेंडच आठवतं. काळपुळी मात्र हलक्यात घेऊ नये. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचं गळू झालं, तर डॉक्टर आधी साखर तपासायला सांगतात, कारण मधुमेह असलेल्यांना ती जास्त होते. नखाच्या कडेला पू धरला की नखुरडं, पापणीच्या कडेला फोड आला की रांजणवाडी.

या शब्दांची क्रियापदंही ठरलेली आहेत, आणि मला तीच जास्त मोलाची वाटतात. टेंगूळ येतं. गळू आधी धरतं, मग पिकतं, मग फुटतं. गांधी, म्हणजे अंगावरच्या खाजऱ्या लालसर चकत्या, उठतात. सूज चढते आणि उतरते. दुखण्याचंही तसंच. गळू ठसठसतं, नखुरडं ठणकतं, भोवरी चालताना सलते, गांधी खाजतात, घामोळं चुरचुरतं. ‘ठसठसतंय’ एवढं सांगितलं तरी जुना डॉक्टर आत पू झाला असणार हे ओळखतो. ‘पेन होतंय’ म्हटल्यावर त्याला चार प्रश्न जास्त विचारावे लागतात.

न दुखणाऱ्यांत आवाळू येतं. मानेवर, पाठीवर किंवा डोक्यात, मऊ, सावकाश वाढणारं. पूर्वी वाड्यात एखाद्या आजोबांच्या मानेवर ते वर्षानुवर्षं असायचं आणि कोणी त्याची काळजी करत नसे. आता तरुण मंडळींना हा शब्दच माहीत नाही. त्यामुळे तेही ‘गाठ’ होऊन बसतं आणि तपासणी होईपर्यंत घर झोपत नाही. तपासणी करावीच, पण शब्दाने आधीच घाबरवू नये. चामखीळ याहून वेगळी. ती कातडीवर असते, आवाळू कातडीखाली. तळपायाच्या भोवरीला काही घरांत कुरूप म्हणतात. नुसती कातडी जाड झाली तर तो घट्टा.

आता अवधाण. हा शब्द मला फार प्रिय आहे आणि तो जाऊ नये असं मनापासून वाटतं. पायाला जखम झाली, ती चिघळली, की त्याच बाजूच्या जांघेत सूज येते आणि ती दुखते. हाताला झाली तर काखेत. ते अवधाण. शरीरातल्या रसग्रंथी जंतूंना तिथे अडवतात, म्हणून त्या सुजतात. म्हणजे या एका शब्दात दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे हे ज्ञान भरलेलं आहे. अवधाण आलं म्हटलं की घरातली बाई आधी पाय बघायची, कुठे काटा रुतलाय का, ठेच लागलीय का.

आणि याच जागेशी पुण्याची एक भयंकर आठवण जोडलेली आहे. 1897 साली इथे प्लेग पसरला, तेव्हा त्याला गाठीचा ताप म्हणत. वृत्तपत्री मराठीत तो ग्रंथिक सन्निपात होता. पिसू बहुधा पायाला चावायची, म्हणून गाठ बहुधा जांघेत यायची. शरीराचं काम अवधाणासारखंच, फक्त जंतू जीवघेणा. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. त्या दिवसांत पेठांतून ‘गाठ आली’ हे शब्द कसे ऐकले गेले असतील, याची कल्पना करवत नाही. त्या काळी प्लेगमुळे आणि आज कर्करोगामुळे, ‘गाठ’ या शब्दावर भीतीचं ओझं आहे.

म्हणूनच जिथे खरोखर गाठ असेल तिथे तोच शब्द वापरावा, हेही तितक्याच कळकळीने सांगते. काही बायका स्तनातल्या गाठीला ‘गुठळी आहे’, ‘दूध साकळलंय’ असं म्हणून ती गोष्ट लहान करून टाकतात. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ ही समजूत तर फारच घातक. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गुठळी पातळ पदार्थात होते, पिठल्यात होते, रक्ताची होते. स्तनात हाताला लागते ती गाठच, आणि ती लगेच दाखवायची.

‘गोळा’ अजून राहिला. पोटरीत गोळा येतो तो स्नायू आखडल्यामुळे, आणि पोटात गोळा येतो तो भीतीने. वायूचा गोळाही असतोच. त्याबद्दल, आणि गळवासारख्या फोडाला म्हणतात त्या ‘उठाणू’ या शब्दाबद्दल, कोणाच्या घरी अजून वापर ऐकू येत असेल तर पूर्ण वाक्यासकट लिहा. नुसता अर्थ नको. कोण, कुठल्या जागेबद्दल आणि कोणत्या क्रियापदाबरोबर म्हणतं तेही हवं आहे. सातारा-सोलापूरकडून पुण्यात आलेल्यांनी तर जरूर लिहा. रांजणवाडीला तुमच्याकडे दुसरा शब्द आहे का?