मदत हवी आहे: चार ग्रामपंचायतींचं सामाईक काजूबी गोदाम, जागेचा करार कसा करावा?

नमस्कार मंडळी. सावंतवाडी तालुक्यातल्या लागून असलेल्या आमच्या चार गावांचे सरपंच मिळून काजूबीसाठी एकच वाळवणीचा कोबा आणि गोदाम उभारतायत. बी मार्च ते मेमध्ये पडते. ठेवायला जागा नाही, म्हणून शेतकरी ओली बी मिळेल त्या भावाला घालतो. ओलावा 8-9 टक्क्यांवर येईपर्यंत कडक उन्हात वाळवली (नख रुतत नाही, मुठीत खुळखुळते) आणि तागाच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर ठेवली, तर पावसाळा निभावते. ओली राहिली की बुरशी धरते, गर काळवंडतो, कारखानदार दर पाडतो.

चालवणार शेतकरी उत्पादक कंपनी. ग्रामपंचायत तिची सभासद होऊ शकत नाही, तिथे उत्पादक किंवा फक्त उत्पादकांचीच संस्था लागते. म्हणून जागा भाड्याने द्यायची आहे. ती एका ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, सातबारा स्वच्छ, वनसंज्ञेचा (जमीन वन म्हणून नोंदल्याचा) शेरा नाही. चारही ग्रामसभांचे ठराव झालेत. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेचा, तो धरलेला नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सामाईक सुविधेला 35 टक्के अनुदान आहे, पण कर्जाशी जोडलेलं, आणि बँक दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार मागतेय. वर्षा-वर्षाचा भाडेकरार तिला चालत नाही.

ज्यांनी असा करार प्रत्यक्ष केलाय त्यांनी सांगावं: ठरावानंतर परवानगी कोणाची लागली, पंचायत समिती की जिल्हा परिषद? आणि बाकी तीन ग्रामपंचायतींनी चौथीच्या जागेवर स्वनिधी (पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पैसा) घातला तर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ नये म्हणून करारात नेमकं काय लिहिलंत?