तोडलेल्या झाडाचाही विचार व्हावा

श्रद्धावंत माणूस वादळातही न हलणाऱ्या वृक्षासारखा असतो, हे मत मला अपुरे वाटते. पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायातील पाण्याकाठच्या झाडालाही ऊन आणि अवर्षण चुकत नाही. मुळे ओलाव्यापर्यंत गेलेली असल्यामुळे त्याची पाने हिरवी राहतात, एवढेच. त्याच शास्त्रातील, दुःखाने पोळलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातील झाड तर तोडलेलेच आहे, तरी पाण्याच्या नुसत्या वासाने त्याला धुमारे फुटतात. जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) बुंध्यावर सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून, म्हणजे न फुटलेल्या अंकुरांतून, हे खरोखर घडते. (ही आशा झाडाला आहे, माणसाला नाही, अशी ईयोबाची तक्रार असून पवित्र शास्त्राने ती गाळलेली नाही.) म्हणून शोकाकुल ख्रिस्ती माणसाला ‘खंबीर राहा’ असे बजावण्यापेक्षा त्याला रडू देऊन त्याच्यासोबत प्रार्थनेला बसणे मला अधिक शास्त्राला धरून वाटते.