क्लास-ए ॲम्प्लिफायरमुळे खोली तापते. आवाज कमी ठेवून उपयोग होईल का?

वैदर्भीय श्रोता (नागपूर): माझ्याकडे प्रत्येक चॅनेलला 25 वॅट देणारा क्लास-ए ॲम्प्लिफायर असून तो बारा बाय दहा फुटांच्या खोलीत आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवतो; त्यामुळे मे महिन्यात तासाभरातच तेथे बसवत नाही. मीटर लावून पाहिले, तर तो 240 वॅट वीज घेतो. मी अगदी हळू आवाजात ऐकतो, तरी उष्णता कमी का होत नाही? हीटसिंकवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर) लहान पंखा सोडल्यास फरक पडेल का?

सोल्डर: आवाज कमी करून काहीही साधणार नाही. क्लास-ए रचनेत संगीत वाजत असो वा नसो, आउटपुट ट्रान्झिस्टरांमधून बायसचा, म्हणजे त्यांना कायम चालू अवस्थेत ठेवणारा, प्रवाह अखंड वाहत असतो, आणि स्पीकरकडे काहीच जात नसल्यामुळे शांततेच्या वेळीच हीटसिंक सर्वाधिक तापतात. स्पीकरला मिळालेल्या विजेपैकीही साधारण एखादाच टक्का ध्वनीत उतरतो. तेव्हा 240 वॅट जवळपास पूर्णपणे खोलीतच राहतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो, हे लक्षात घेतले तर आपल्यासोबत आणखी दोघे जण त्या बंद खोलीत बसल्यासारखे झाले. पंख्याने ॲम्प्लिफायर थंड होईल, खोली नव्हे. तरीही पंखा लावावा, कारण आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे आयुष्य दर 10 अंश तापमानवाढीला ढोबळमानाने निम्मे होते.

मंद्रसप्तक: एक टनाचा एसी सुमारे 3,500 वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यात हे 240 वॅट सात टक्केही भरत नाहीत. खरी अडचण एसीच्या आवाजाची आहे. कूलरला तर खिडकी उघडी लागते, म्हणजे तोही बाद. ऐकायला बसण्यापूर्वी भिंतींसह खोली चांगली थंड करून घ्यावी आणि ऐकताना इन्व्हर्टर एसी सर्वांत मंद गतीवर ठेवावा.

वैदर्भीय श्रोता: आभारी आहे. ध्वनी चांगला यावा म्हणून ॲम्प्लिफायर दिवसभर चालू ठेवावा, असे विक्रेत्याने सांगितले होते.

सोल्डर: तशी गरज नाही. बायस स्थिरावण्यास अर्धा ते एक तास पुरतो, आणि दर चार तासांना जवळपास एक युनिट वीज जळते ती वेगळीच. उन्हाळ्यापुरता क्लास-डी ॲम्प्लिफायर (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा, म्हणून कमी तापणारा) जोडून पाहण्यासही हरकत नसावी. संगीत नसताना तो बहुधा 10-20 वॅटच घेतो.