अनुभव धागा : पवित्र शास्त्र (बायबल) वाचताना तुम्ही कुठे थांबता?

सांजदिवा
आगमनकाळाची (नाताळाआधीच्या चार आठवड्यांची) वाचनं लावताना जुन्या वहीतून एक चिठ्ठी पडली. शिकवणाऱ्या बाईंचं अक्षर : "तू कोण? तुम्ही कोण? आधी हे बघ." त्यावरून हा धागा काढतेय.

लूक २२:३१-३२ उघडा. हाक मारली आहे एकट्या शिमोनाला. पण सैतानाने गव्हासारखं चाळायला मागितलंय ते 'तुम्हाला', म्हणजे सगळ्या शिष्यांना. पुढे येशू म्हणतो, मी प्रार्थना केली ती 'तुझ्यासाठी'. का? तर वळून आल्यावर भावांना सावरायचं काम त्याच्याकडे आहे. मूळ ग्रीकमध्ये अनेकवचन-एकवचन असंच आहे आणि मराठीत ते जसंच्या तसं उतरतं. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं 'यू'. प्रवचनाचा संदेश इंग्रजीवरून तयार करत असाल तर कळकळीची विनंती, मराठी प्रत शेजारी उघडी असू द्या.

तुम्ही वाचताना काय तपासता? नेमकं लिहा.

रांजण
योहान ३:७ पण. येशू निकदेमाला 'तुला' सांगतो आणि लगेच 'तुम्हाला' नव्याने जन्मलं पाहिजे. रात्री एकटा आलेला माणूस, उत्तर मात्र त्याच्या सगळ्या लोकांना.

पाटावरची
आणि १ करिंथ ३:१६. देवाचं मंदिर 'तुम्ही' आहात, सगळे मिळून. तब्येतीच्या उपदेशाला हे वचन लावतात, पण तिथे विषय मंडळीतल्या (चर्चमधल्या) फुटीचा आहे. शरीराबद्दलचं हवं असेल तर ६:१९ घ्या.

दर्यावर्दी
तू-तुम्ही मराठीला सोपं आहे. खरी कसोटी 'आम्ही' की 'आपण'! ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्दच नाहीत. मार्क ४:३८, तारू पाण्याने भरतंय, येशू उशाशी उशी घेऊन झोपलाय. शिष्य काय म्हणाले? 'आम्ही बुडतोय' म्हटलं तर झोपलेला त्या संकटातून वेगळा पडतो. 'आपण बुडतोय' म्हटलं की तोही त्याच तारवात. भाषांतर करणाऱ्याला निवडावंच लागतं, टाळताच येत नाही. आपापल्या प्रतीत काय छापलंय ते बघून इथे टाका.
प्रभूच्या प्रार्थनेत मात्र 'आमच्या'च. तिथे बापाशीच बोलणं चाललंय.

सांजदिवा
दर्यावर्दी, हे फार महत्त्वाचं आहे. दोन-तीन प्रती शेजारी ठेवून बघते.

कोपरा
घाईत लिहितोय. ईयोबाच्या पुस्तकातून वचन उचलण्याआधी बोलणारा कोण ते बघा. ८:७, आरंभ लहान पण शेवट फार मोठा, हे दुकानाच्या उद्घाटनाला आशीर्वाद म्हणून वाचतात. बोलतोय ईयोबाचा मित्र बिल्दद! आणि ४२:७ मध्ये परमेश्वर या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.
उपाय सोपा. अध्याय ४ ते २५ मध्ये तिघे मित्र (अलीफज, बिल्दद, सोफर) आणि ईयोब आळीपाळीने बोलतात, ३२ ते ३७ अलीहू, ३८ पासून परमेश्वर. समासात पेन्सिलीने अ, बि, सो, ई लिहून ठेवा. अलीहूचं पूर्ण नाव लिहा, नाहीतर अलीफजशी घोळ होतो.

पाटावरची
तसंच यिर्मया २९:११. हिताच्या योजनांचं वचन सगळ्यांना पाठ असतं, वरचं दहावं वाचत नाहीत. बाबेलात सत्तर वर्षं. यिर्मयाचं हे पत्र बाबेलात कैद करून नेलेल्यांना गेलं, त्यातल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, म्हणून तर पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा असं आहे. दुःखात असलेल्या माणसापुढे ११वं एकटं वाचू नका हो, त्याला 'लवकरच' असं ऐकू येतं.

रांजण
+१. अगदी मनातलं.

मोहोर
मत्तय १३:३३, खमीर. त्या बाईने तीन मापं पीठ घेतलं. ते माप म्हणजे हिब्रू सआ, साधारण १३ लिटर. तीन मापं म्हणजे ३९ लिटर, वजनात वीस किलोच्या वर! हे घरच्या रोजच्या भाकरीचं पीठ नाही, शंभरेक माणसांच्या पंगतीचं आहे. उत्पत्ती १८:६ मध्ये तीन पाहुणे आल्यावर अब्राहाम साराला एवढंच पीठ मळायला सांगतो. आणि खमीर म्हणजे पाकिटातलं यीस्ट समजू नका, आदल्या वेळी मळलेल्या पिठातून राखलेला आंबट गोळा. मूळ क्रियापद 'मिसळलं' नाही, 'लपवलं' आहे.

पाटावरची
वीस किलो एकटीने मळायचं? परातीत मावणारच नाही, लाकडी काथवट लागेल.

मोहोर
हो ना. दाखला ऐकणाऱ्या बायकांना ते लगेच कळलं असणार.

खळं
चाळण्यावरून आठवलं. मत्तय ३:१२ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या ख्रिस्ताविषयी म्हणतो, त्याच्या हातात सूप आहे. मूळ अवजार लांब दांड्याचं लाकडी फावडं किंवा दाताळं. मळलेलं धान्य त्याने वाऱ्यावर उडवायचे, भूस बाजूला पडतं, दाणे जवळ. आपल्याकडे वावडीवर (खळ्यातल्या उंच तिवईवर) उभं राहून उपणतात तीच क्रिया. सुपाने पाखडणं बसून होतं, वारा लागत नाही. लूकमधलं चाळणं याच्या नंतरचं, खडे-माती काढायचं.

वसईकर
स्तोत्रांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळ होतो, त्यासाठी : जुन्या लॅटिन क्रमात ९ आणि १० एकच धरलंय, त्यामुळे १० ते १४७ मध्ये साधारण एक आकडा मागे. मेंढपाळाचं २३वं तिथे २२वं. १४८ पासून परत सारखं. हिब्रू प्रतीत मथळाही वचन म्हणून मोजतात, स्तोत्र ५१ मध्ये आपलं पहिलं वचन तिथे तिसरं.

सांजदिवा
२३चं नाव निघालंच तर : पहिल्या तीन वचनांत परमेश्वर 'तो' आहे. चौथ्यात, मृत्युछायेच्या दरीत, एकदम 'तू'. हिरव्या कुरणात त्याच्याविषयी बोलणं चाललेलं, अंधारात त्याच्याशी. मोठ्याने वाचताना 'तू'च्या आधी श्वासभर थांबा. पाठ आहे म्हणून भरभर म्हटलं की हे वळण हरवतं.

दर्यावर्दी
🙏 हे आजवर दिसलं नव्हतं.

कोपरा
वाचनाचं म्हणताय तर प्रेषितांची कृत्ये २:९-११. पार्थी, मेदी, एलामी... तिथे सगळे अडखळतात. नावांचे दोन-दोनचे गट करून तिरकी रेघ मारा, आदल्या रात्री तीनदा मोठ्याने म्हणा. मोबाईलवरून वाचू नका, नेमकं त्या ओळीला पान सरकतं.

वसईकर
ताई, आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी यशया ११ की ४०?

सांजदिवा
वाचनांचं तीन वर्षांचं चक्र बघा. 'अ' वर्षाला ११, 'ब' ला ४०, 'क' ला बारूख ५.

रांजण
बारूख आमच्या ६६ पुस्तकांच्या प्रोटेस्टंट प्रतीत नाही.

सांजदिवा
मग मलाखी ३:१-४ घ्या, आपल्याकडे तेच लावतात. कुकर झाला, रात्री येते.