स्कॅनरवर दिलेली टिप कुणाची?

पैठण रोडकर
परवा बीड बायपासला एका हॉटेलात आम्ही सहा जण जेवलो. बिल 2140 झालं. मी स्कॅनरवर 2300 टाकले अन् वेटरला म्हणलं, वरचे तुझे. पोरगं हळूच म्हणलं, "दादा, ते सेठच्या खात्यात गेले. त्यातलं आम्हाला काही येत नाही. सेठ म्हणतात टॅक्सात जातंय." रात्रभर तेच डोक्यात राहिलं. मी पैसे त्या पोराला दिले होते, हॉटेलाला नाही. टिपेला मालकानं हात लावूच नये.

लातूरचा हॉटेलवाला
ताट एकट्या वेटरनं आणलं का? मे महिन्यात तंदूरपुढं उभा राहणारा वस्ताद, मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशी, त्यांच्या हातावर कोण दहा रुपये ठेवतं? माझ्याकडं सगळी टिप डब्यात जाते, दर सोमवारी वाटणी होते. स्कॅनरवरचा पैसा मात्र माझ्या खात्यात दिसतो. उद्या आयकरवाल्यांनी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय, म्हणून त्यातले दहा टक्के मी मागं ठेवतो.

करसल्लागार, नांदेड
डबा ठीक, दहा टक्के चूक. 26 एप्रिल 2016 ला सुप्रीम कोर्टानं आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात हेच सांगितलं. कार्डावर आलेली टिप मालकाकडं विश्वासानं ठेवलेली असते. ती पगार नाही, त्यामुळं मालकानं त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा नाही. वेटरच्या हातात ती 'इतर उत्पन्न' ठरते. आणि 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. आपल्याकडचा कोणता वेटर तिथवर पोचतो? टिपेची वही वेगळी ठेवा, वाटप झालं की सह्या घ्या. तुमचं उत्तर तयार.

जालना रोडचा वेटर
आठ वर्षं झाली, मला डबाच मान्य नाही. भाजी खारट झाली तर शिव्या मी खातो, वस्ताद नाही. वस्तादाचा पगार माझ्या दुप्पट आहे.

परभणीची ताई
वस्तादाचं सोडा, मावशींचं बोला. माझी आई अकरा वर्षं मोरीवर होती. सोड्यानं बोटं सोलून निघायची. एकाही गिऱ्हाइकानं तिचं तोंड पाहिलं नाही, मग टिप कुठून येणार? अमेरिकेत 2018 पासून कायदा आहे, मालक-मॅनेजरनं टिपेतला वाटा घ्यायचा नाही. पण वेटरला पूर्ण किमान वेतन दिलं असेल तर भटारखान्याला वाटणीत धरता येतं. मला हे न्यायाचं वाटतं.

पैठण रोडकर
ताई, मोरीचा विचार मी केलाच नव्हता. डबा मान्य. मालकाचा वाटा अजूनही अमान्य.

लातूरचा हॉटेलवाला
सोमवारपासून दहा टक्के बंद करतो. वही घालतो.

जालना रोडचा वेटर
वही गल्ल्यात ठेवू नका सेठ. भिंतीला टांगा, मावशींच्या हाताला येईल अशी.