हेडफोनसाठी कॉम्प्युटरचा स्वतःचा जॅक पुरतो की वेगळा डॅक घ्यायलाच हवा?

जांभा_आणि_जॅक (रत्नागिरी)
मंडळी, दुकानदाराने मला गेल्या महिन्यात तोंडावर सांगितलं, "लॅपटॉपच्या जॅकातून ऐकता? मग हेडफोनवर खर्च कशाला केलात?" आणि नऊ हजारांचा डॅक-ॲम्प पुढे सरकवला. (डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाजाच्या विजेत बदल करणारी डबी, ॲम्प ती वीज वाढवतो.) मी घेतला नाही. पण मनात किडा वळवळायला लागला म्हणून मित्राचा तसाच डॅक आठवडाभर मागून आणला.

पहिल्या दिवशी वाटलं, आहा! काय फरक आहे! दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की डॅकचा आवाज नुसता मोठा होता. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी "चांगला" वाटतो, त्याला इलाज नाही. मग मल्टिमीटर घेतला, 50 हर्ट्झचा सूर लावला (साधं मीटर तेवढ्यातच खरं बोलतं) आणि दोन्हीकडचे व्होल्ट सारखे करून घेतले. बायको पिन बदलायची, मी भिंतीकडे तोंड करून ओळखायचो. 16 पैकी 9 बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

सीडीचा 16 बिटचा आवाज म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण 96 डेसिबलची झेप. बोर्डावरची आवाजाची चिप, उदाहरणार्थ रिअलटेकची एएलसी 1220, कागदावर 120 डेसिबलचा दावा करते. बोर्डावर बसल्यावर त्यातले बरेच गळतात, मान्य. पण आमच्याकडे जुलैत पडवीच्या पत्र्यावर पाऊस पडत असताना शेवटचे दहा डेसिबल कोण ऐकणार आहे? माझं मत: बहुतेकांना जॅक पुरतो. बोला.

कर्लीचो_काठ (मालवण)
माका ह्या पटणा नाय. माझ्याकडे सेनहायझरचो एचडी 600 हेडफोन असा, 300 ओहमचो (ओहम म्हणजे विजेक अडथळो; तो जास्त, तर व्होल्टय जास्त व्हये). डबलबारीचा (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचा) रेकॉर्डिंग लावलंय, लॅपटॉपचो आवाज शंभरार नेलंय, तरी बुवा लांबसून गातत असा वाटता. भावान मुंबैसून ॲम्प हाडल्यान, तो लावलंय आणि पखवाजाची थाप कानात बसली. तां काय माका स्वप्न पडला?

जांभा_आणि_जॅक (रत्नागिरी)
स्वप्न नाही रे बाबा, पण हिशोब बघ. त्या हेडफोनला 1 व्होल्ट मिळाला की 97 डेसिबल होतात, हे कंपनीच सांगते. रेकॉर्डिंगची सरासरी कमाल पातळीपेक्षा 20 ने खाली धरली तरी 77 उरतात. घरात बसून ऐकायला ते कमी नाही. तुझं रेकॉर्डिंगच हळू असणार. ऑडॅसिटी ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाक, नॉर्मलाइज कर (म्हणजे सगळ्यात मोठा सूर कमालीला पोचेल इतका अख्खा आवाज उचल), काम होतं.

कर्लीचो_काठ (मालवण)
नॉर्मलाइज! बारी रंगात इली की मधीच कोणतरी माईकाच्या बाजूक शिट्टी मारता. पीक थयच लागता, बाकीचा गाणा खालीच रवता. नॉर्मलाइज काय करतला? आणि माझो जुनो लॅपटॉप पुरो 1 व्होल्ट देता ह्या तुका कोणी सांगल्यान?

जांभा_आणि_जॅक (रत्नागिरी)
शिट्टीचं मान्य. तिथे मी हरलो.

हर्णै_बंदर
तुम्ही डेसिबल मोजत बसा. आमचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. दोन पावसाळ्यांत लॅपटॉपच्या जॅकात हिरवट चढलं, डावा कान गेला. पिन फिरवली की येतो, हात काढला की जातो. जॅक बोर्डावरच झाळलेला, बदलायचे जे पैसे सांगितले त्यात चार डोंगल आले असते. तेव्हापासून टाइप-सीचा डोंगल (यूएसबीत लावायचा, हेडफोनचा जॅक असलेला छोटा डॅक) वापरतो. खाल्ला खाऱ्या हवेने तर फेकायचा, दुसरा लावायचा. आवाज बरा की वाईट हा प्रश्न नंतरचा, आधी दोन्ही कानांत येऊ दे.

खाजणातला_मॅक
बाहेरचं काही न घेता 300 ओहम वाजवता येतात. 2021 पासूनच्या 14 आणि 16 इंची मॅकबुक प्रोचा जॅक लावलेल्या हेडफोनचे ओहम स्वतः ओळखतो. 150 च्या खाली असेल तर 1.25 व्होल्टपर्यंत, वर असेल तर 3 व्होल्टपर्यंत देतो. तोही कॉम्प्युटरचाच जॅक ना?

हर्णै_बंदर
त्या किमतीत आमच्याकडे छोट्या होडीचं इंजिन येतं.

मिक्सरवाला (गुहागर)
साउंडचा धंदा आहे, म्हणून बोलतो. लोक डॅक घेतात ते बहुतेक वेळा घरघर घालवायला. पण घरघर दोन प्रकारची असते आणि सगळे दोन्हींची भेळ करतात.

एक, माऊस हलवला की चिरचिर, फाइल उघडली की किर्र. ती बोर्डाच्या आतून येते. टॉवर असेल तर पुढचा जॅक सोडा, मागचा वापरून बघा. पुढच्या जॅकाची वायर अख्ख्या बोर्डावरून फिरून येते. ह्या चिरचिरीला बाहेरचा डॅक खरंच उपयोगी पडतो.

दोन, चार्जर लावला की 50 हर्ट्झची भुणभुण, आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या. चार्जर दोन पिनांचा असतो किंवा घराच्या अर्थिंगचा पत्ता नसतो. नुसता हेडफोन लावलात तर ह्याचा त्रास सहसा होत नाही. लॅपटॉप मिक्सरला जोडलात की सुरू. तिथे यूएसबी डॅक घेऊनही तीच अर्थ यूएसबीच्या वायरीतून पुढे जाते. मागच्या शिमग्यात एका मंडळाने माझं न ऐकता डॅक घेतला. पालखी दारात आली तरी भुणभुण होतीच. शेवटी चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं.

आपल्या कातळावर अर्थिंग हा वेगळाच विषय आहे. जांभा एप्रिल-मेमध्ये असा कोरडा पडतो की मीठ-कोळशाचा खड्डासुद्धा नावाला उरतो. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओता. पावसाळ्यात गप्प असलेला लॅपटॉप मे महिन्यात का गातो, त्याचं कारण तिथे सापडेल.

सुरंगी_वळेसर (वेंगुर्ला)
सगळेजण व्होल्ट आणि घरघर ह्यातच अडकलात. मी मुलाखती ऐकून टाइप करते, दिवसाचे सहा तास कानात इअरफोन असतात, म्हणून हा माझ्या पोटापाण्याचा मुद्दा आहे. जॅकाचा स्वतःचाही अडथळा असतो, आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. माझे इअरफोन 16 ओहमचे, आत दोन-तीन ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग), त्यामुळे त्यांचे ओहम प्रत्येक सुराला बदलतात. अशांना जास्त अडथळ्याचा जॅक दिला की आवाजाचा चेहराच बदलतो. माझ्या टॉवरवर बायकांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे. "स" आणि "श" मध्ये माझी रोज फसगत.

जांभादादा, तुमच्याकडे मीटर आहेच. तोच 50 हर्ट्झचा सूर लावा, रिकाम्या जॅकचे व्होल्ट बघा, मग 33 ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा बघा. माझे रिकामे 200 मिलिव्होल्ट होते, रेझिस्टर लावल्यावर 61. रिकामे भागिले लावलेले, त्यातून एक वजा, गुणिले रेझिस्टर. आले 75 ओहम. 16 च्या इअरफोनला 75 चा जॅक! साध्या डोंगलने तो प्रश्न सुटला. आणि एक विचारते, तुमची 16 पैकी 9 वाली परीक्षा कुठल्या हेडफोनवर घेतलीत?

जांभा_आणि_जॅक (रत्नागिरी)
ताई, प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याचा हेडफोन. त्याचे ओहम सगळ्या सुरांना जवळजवळ सारखे. तुमचा मुद्दा कळला, माझ्या हेडफोनवर तो फरक दिसलाच नसता. परीक्षा खरी होती, पण ती माझ्यापुरती. "बहुतेकांना" हा शब्द मागे घेतो.

मिक्सरवाला (गुहागर)
पहिल्यांदाच कुणीतरी धाग्यावर शब्द मागे घेतला. तरी मोजून सांगा.

जांभा_आणि_जॅक (रत्नागिरी)
संध्याकाळी रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. 33 नव्हता, 47 मिळाला. रिकामे 200, लावल्यावर 190. म्हणजे साधारण अडीच ओहम. माझा जॅक तरी निर्दोष सुटला. दुकानदाराला जाऊन सांगावंसं वाटतंय, पण तो म्हणेल मग हेडफोन तरी बदला.

कर्लीचो_काठ (मालवण)
माझोय मोजून दी मरे. मीटर नाय माझ्याकडे. आयतवारी लॅपटॉप घेवन येतंय, येताना खाजा हाडतंय. शिट्टीवालो रेकॉर्डिंगय हाडतंय, तां एकदा ऐकान बघ आणि मग माका परत नॉर्मलाइज म्हणान सांग.