मदत हवी आहे : कुर्ते २३, त्यातले घालण्यासारखे ४ (इंदूर)

मैत्रिणींनो, आणि कपड्यांतलं ज्यांना कळतं त्या मित्रांनो, इंदूरहून लिहितेय. ऑफिसनं आता पाचही दिवस यायला सांगितलंय. आधी आठवड्यातून दोनदाच जायचं असायचं तर तेच चार कुर्ते फिरवून निभत होतं, घरून काम म्हणजे कॅमेऱ्यापुरतं वरचं नीट असलं की झालं, खाली पायजमा. आता रोज पावणेनऊला कपाट उघडून उभी राहते, नवरा पोहे खाताखाता विचारतो "काय शोधून राहिलीस?" आणि मला खरंच सांगता येत नाही काय शोधून राहिले. (इंदूरची मराठी आहे, पुणेकरांनी सांभाळून घ्या.)

मागच्या रविवारी सगळं कपाट पलंगावर उपसलं आणि मोजलं. कुर्ते २३. ओढण्या १७, त्यातल्या नऊ ओढण्यांचे ड्रेस केव्हाच भांडीवालीकडे गेलेत पण ओढणी "असू दे, कामी येईल" म्हणून राहिली. आणि खाली घालायला? दोन काळ्या लेगिंग, एक मरून चुडीदार आणि एक पलाझो जो पांढरा होता. होता. लाल बाघ प्रिंटच्या (धारजवळच्या बाघ गावची ठशांची छपाई) नव्या कुर्त्याबरोबर मशीनमध्ये टाकला, आता गुलाबी आहे, तोही सगळीकडे सारखा नाही, एका पायावर जास्त. सासूबाई म्हणाल्या छान दिसतोय, फॅशनच वाटतेय. त्या प्रेमानं म्हणाल्या की कसं ते अजून कळलेलं नाही.

खरं दुखणं साड्यांचं आहे. आईच्या आणि माझ्या मिळून आठ माहेश्वरी आहेत. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना घेऊन महेश्वरच्या घाटावर जायचं, आणि तिथे गेलं की हात रिकामा परत येत नाही, असं करतकरत जमल्या. ब्लाउज मात्र अंगात बसतात तीनच. बाकीच्यांचे हुक आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर पडतं, श्वास रोखला तरी. त्यातली एक साडी तर इतकी सुंदर आहे, राखाडी अंग, त्यात बारीक चौकडी आणि डाळिंबी काठ, आणि ती मी २०१८ नंतर नेसलेली नाही. मध्ये एका बुटीकला तीन ब्लाउज सैल करायला दिले होते (नाव लिहीत नाही), पंधरा दिवस फिरवलं आणि परत दिले ते पुढून सैल, दंडात आणखी घट्ट. हात वर केला की चरचर आवाज येतो.

युट्यूबवर बघून ते तीस कपड्यांत वर्षभर वालं पण करून पाहिलं. त्यात सगळं बेज. बेजमध्ये मी नुकतीच कावीळ होऊन उठल्यासारखी दिसते.

तर ६ हजार रुपये आहेत, आधी कशावर घालू? ऑफिस सुपर कॉरिडॉरला, जाते स्कूटरवर, मे महिन्यात बाहेर ४३ आणि आत एसी असा की शाल लागते. आठवड्यातून एकदा तरी साडी नेसायची इच्छा आहे. नवे कुर्ते घ्या असं प्लीज सांगू नका, नवरा हा धागा वाचून राहिलाय.

—

महूची मावशी :
अगं, उत्तर तूच लिहिलंयस. २३ कुर्त्यांना खाली चार, त्यातला एक गुलाबी झालेला! चार साध्या सुती स्ट्रेट पॅन्ट शिव. ऑफ-व्हाइट, काळी, गडद निळी आणि एक मेंदी रंगाची. मेंदी ऐकून नाक मुरडू नकोस, लाल, पिवळा, केशरी, जांभळा सगळ्यांखाली जाते. एम. टी. क्लॉथ मार्केटातून कापड घे, एका पॅन्टीला सव्वादोन-अडीच मीटर धर, आणि शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, नाहीतर सुती कापड पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर चढतं. खिसे सांगायला विसरू नकोस, टेलर बायकांच्या पॅन्टीला स्वतःहून कधीच ठेवत नाहीत. मग त्या नऊ अनाथ ओढण्या साध्या कुर्त्यांवर घे. स्कूटरवर मात्र ओढणी डिकीत, गळ्यात नाही. बाघ प्रिंट पहिली तीन-चार धुणी वेगळं आणि हातानंच धुवायचं, त्याचा लाल सुटतोच.

दाबशिलाई :
मी शिवते म्हणून ब्लाउजचं सांगते. आधी ब्लाउज उलटा करून बगलेच्या शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) किती आहे ते बघ. जुने टेलर दोन्हीकडे इंच-इंच सोडायचे, शिवणीच्या दोनतीन रेघा दिसतील, एकेक उसवत जायचं. बुटीकवाल्यांनी पुढचे टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) उसवले असणार, म्हणून पुढून पोकळ आणि दंड तसाच. बाहीची शिवण बगलेच्या शिवणीसोबत एका रेघेत उसवायला हवी. मायाच नसेल तर काखेत त्याच रंगाचा पतंगाच्या आकाराचा तुकडा बसतो, हात वर केल्याशिवाय दिसत नाही. आठ साड्यांना आठ ब्लाउज कशाला, एक काळा आणि एक डाळिंबी सुती शिव, निम्म्या साड्या सुटतील. आणि माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, कुठे डाग असेल तर फॉल उसवून साडी उलटी नेस. घड्याही मोडून बदल, वर्षानुवर्षं एकाच घडीवर काठाची जर चिरते.

—

मूळ धागाकर्ती :
ताई, तुमचं वाचलं आणि रात्री साडेदहाला ब्लाउज उलटा करून बसले. डाळिंबी काठवाल्या साडीच्या ब्लाउजात, आईच्या टेलरनं शिवलेल्या, दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच माया निघाली. आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आहे, बगलेत एक पट्टी दिसते, पण हुक लागले! नवऱ्याला बोलावून दाखवलं, तो म्हणाला आधी पण हाच होता ना.

मावशी, मेंदी पटली, बाजारात जाईन तेव्हा आधी तेच कापड बघते. नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता एकच राहिलं. माहेश्वरी हलकी असते तर खालचा परकर दिसतो, राखाडीखाली काळा घातला तर गुडघ्यापासून खाली सावलीसारखा कळतो, पांढरा घातला तर साडी फिकट दिसते. मातकट रंगाचा सुती परकर घेतला तर राखाडी, मोरपंखी आणि मोतिया तिन्हीखाली चालेल का, की प्रत्येकीला वेगळाच घ्यावा लागेल? शुक्रवारी नेसायचीय.